माणूस की निसर्ग? एकच पर्याय निवडा

स्पर्धेसाठी फोटो काढायचं काम सोपं गेलं. मैत्रिणीला ढगाळ आभाळापुढे एका बाजूने उभं केलं, चेहरा पूर्ण काळा पडू दिला. मग झाडाचा शेंडा टिपला आणि संगणकावर दोन्ही फ्रेम ‘स्क्रीन’ मोडमध्ये एकमेकींवर ठेवल्या. पांढरं आभाळ पांढरंच राहतं, फांद्या उमटतात त्या फक्त काळ्या आकृतीत. डोक्यातून झाड उगवलं. मी खूश!

अडलं स्पर्धेच्या ऑनलाइन अर्जापाशी. विभाग दोनच: निसर्ग आणि व्यक्तिचित्र. अख्खं चित्र या दोहोंच्या नात्यावर, आणि मी एक निवडायचा. निसर्गात जोडकाम चालत नाही. हे एकवेळ मान्य. ‘फियाप’ या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निसर्ग-छायाचित्राच्या व्याख्येतही चित्रात काही जोडायला किंवा काढायला मनाई आहे. म्हणून व्यक्तिचित्र निवडलं. तिथे मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली फाइल हवी, तीही एकच. माझ्या मूळ फाइली दोन! चेहऱ्याची चढवली तर उत्तर आलं, ‘अंतिम चित्राशी जुळत नाही.’ झाडाची चढवली तर तेच. आयोजकांना सविस्तर मेल लिहिली, उत्तरात नियमावलीची लिंक आली. पुन्हा लिहिली, पुन्हा तीच लिंक. नियमावलीत जोडचित्राबद्दल एक ओळ नाही. ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने 1857 मध्ये 30हून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र घडवलं होतं. इतकी वर्षं उलटली, तरी अर्जात दुसऱ्या फाइलला जागा नाही. मुदत जवळ येत होती आणि माझा पारा चढत होता.

सुटका कॅमेऱ्यानेच केली. काही कॅमेऱ्यांत मल्टिपल एक्स्पोजरचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये अनेक फोटो एकावर एक टिपण्याचा, निकाल थेट रॉ म्हणून जतन होतो, कार्डावरची आधीची रॉ फाइल पहिलं एक्स्पोजर म्हणून वापरता येते. चेहऱ्याची फाइल घेतली, तिच्यावर तोच शेंडा पुन्हा टिपला. एकच रॉ, एकच चित्र. अर्ज मुकाट्याने पुढे सरकला. तेव्हा स्पर्धेला पाठवायचं असेल तर जोडणी शक्यतो कॅमेऱ्यातच करा. ‘अ‍ॅडिटिव्ह’ पर्यायात दोन्हींचा प्रकाश बेरजेने वाढतो, म्हणून प्रत्येक एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या प्रकाशाचं ठेवा. ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये कॅमेरा ते सांभाळतो.

आणि हो, मॉडेलची लेखी संमती आधीच घ्या. चेहरा काळाकुट्ट, ओळखणार कोण, असं मला वाटलं होतं. शेवटच्या पानावर तीही मागितली.