बार्सिलोनात धुकं शोधताना

हे पुस्तक माझ्याकडे आलं ते फोर्टातल्या फुटपाथवरून, 2009 साली. बाबांचं ऑफिस फाउंटनपासून पाच मिनिटांवर. शनिवारी ते लवकर सुटायचे, मी कॉलेजातून चर्चगेटला उतरायचे आणि मग आम्ही दोघं जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर उकिडवे बसायचो. ‘एकच घे, पण नीट निवडून घे,’ एवढंच ते म्हणायचे. त्या शनिवारी मी उचललं कार्लोस रुइझ झाफॉनचं ‘द शॅडो ऑफ द विंड’. आत दादर-चर्चगेटचं पुठ्ठ्याचं जुनं तिकीट होतं. आधीच्या वाचकाने खूण म्हणून ठेवलं असणार. ते मी अजून काढलेलं नाही.

रात्री पहिलं प्रकरण उघडलं. 1945 चा उन्हाळा, बार्सिलोना, पहाटेची वेळ. जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा एक बाप दहा वर्षांच्या डॅनियलला झोपेतून उठवतो आणि गल्लीबोळांतून एका काळवंडलेल्या लाकडी दारापाशी नेतो. आत विसरल्या गेलेल्या पुस्तकांची दफनभूमी. पहिल्यांदा येणाऱ्याने एक पुस्तक निवडायचं आणि ते जगातून नाहीसं होऊ द्यायचं नाही, हा तिथला नियम. मी मान वर करून बघितलं, तर बाबा समोर बसून शेंगा सोलत होते.

पुढे गोष्ट काळोखात शिरते. डॅनियलने निवडलेल्या कादंबरीचा लेखक हुलियान काराक्स कोण होता हे कुणालाच धड माहीत नाही, आणि त्याची पुस्तकं शोधशोधून जाळणारा एक माणूस शहरात फिरतोय. बंद पडलेला वाडा, दडवलेली पत्रं, क्रूर पोलीस अधिकारी, सतत पाऊस आणि धुकं. गॉथिक कादंबरीचं सगळं सामान यात आहे, आणि झाफॉन ते जराही न लाजता, भरभरून वापरतो. मला तो त्यासाठीच आवडतो. मूळ स्पॅनिश पुस्तक 2001 चं, ल्युशिया ग्रेव्हजचा इंग्रजी अनुवाद 2004 चा. मी ते आजवर चार वेळा वाचलंय.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत मी बार्सिलोनाला गेले तेव्हा सामानात हेच पुस्तक होतं, तिकिटासकट.

पहिल्याच सकाळी रांब्ला या मोठ्या रस्त्यावरून खाली चालत आर्क देल तेआत्रे गाठलं. कादंबरीतली दफनभूमी याच गल्लीत आहे. रांब्लाच्या गर्दीतून एका कमानीखालून आत वळायचं, की रावाल वस्ती सुरू. मी पहाटे साडेसहाला पोचले होते, मुद्दामच. पण धुक्याचा पत्ता नव्हता. भिंतींवर रंगाने काहीबाही लिहिलेलं, रात्रीच्या बिअरचा आंबूस वास, आणि पाइपने फरशी धुणारा सफाई कामगार. प्रत्येक दाराकडे बघत मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. दार नाही हे माहीत होतं, तरी बघितलं.

आठवडाभर ऊन लख्ख होतं. कादंबरीतलं राखाडी शहर माझ्यासमोर उघडायला तयार नव्हतं. डॅनियलचं घर आणि दुकान सांता आना रस्त्यावर, तिथे आता कपड्यांची आणि भेटवस्तूंची दुकानं आहेत. तिबिदाबो टेकडीच्या चढावरची निळी ट्रॅम, जिच्यातून डॅनियल त्या बंद वाड्याकडे जातो, ती 1901 पासून धावत होती, 2018 मध्ये थांबली. मी बसने गेले. ‘एल्स क्वात्रे गात्स’मध्ये मात्र तासभर बसले. हे कॅफे 1897 साली सुरू झालं, तरुण पिकासो इथे यायचा. कादंबरीत पुस्तकविक्रेत्यांचा अड्डा इथेच भरतो. नावाचा शब्दशः अर्थ ‘चार मांजरं’, पण कातालान या इथल्या भाषेत ‘चार मांजरं होती’ म्हणजे आपल्याकडची ‘चार टाळकी होती’. मालकांनी स्वतःच्या कॅफेचं नाव ‘चार टाळकी’ ठेवलं हे मला फार आवडलं.

मग जुन्या शहराचा गाभा, गॉथिक म्हणजे मध्ययुगीन धाटणीची वस्ती. कॅथेड्रलचं काम 1298 साली सुरू झालं, पण ज्या दर्शनी भागाचे आपण फोटो काढतो तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चढवलेला. दोन इमारतींना जोडणारा तो नक्षीदार बिशपचा पूल तर 1928 चा. फसवणूक झाल्यासारखं वाटावं असं हे, पण मला नाही वाटलं. या शहराने स्वतःचा भूतकाळ रचून घेतलाय, आणि झाफॉनने तोच धागा पुढे नेला.

तिथून एक अरुंद बोळ सांत फेलिप नेरी चौकात उतरतो. कादंबरीत नूरिया मोनफोर्त इथे राहते. हुलियानबद्दल सगळ्यांत जास्त ठाऊक असलेली, आणि सगळ्यांत उशिरा बोलणारी बाई. चौक आपल्या वाड्याच्या चौकापेक्षा थोडाच मोठा. मध्ये कारंजं, दोन-तीन झाडं, समोर चर्च. चर्चच्या भिंतीला खालपासून दोन पुरुष उंचीपर्यंत खड्डे पडलेत. लांबून देवीचे व्रण वाटतात. मी जवळ जाऊन एका खड्ड्यात हात घातला. कडा झिजून गुळगुळीत झालेली, मूठ सहज मावत होती, आणि आतला दगड उन्हातही गार होता.

30 जानेवारी 1938. स्पेनच्या यादवी युद्धात, प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी इथे बॉम्ब टाकले. चर्चच्या तळघरात मुलं आसऱ्याला होती. लोक ढिगारा उपसत असताना पुन्हा बॉम्ब पडला. 42 माणसं गेली, त्यांत बहुतेक लहान मुलं. युद्ध जिंकल्यावर फ्रँकोच्या राजवटीने सांगायला सुरुवात केली, की हे खड्डे बॉम्बचे नाहीतच. प्रजासत्ताकवाल्यांनी इथे पाद्र्यांना उभं करून गोळ्या घातल्या, त्याच्या खुणा आहेत. भिंत डोळ्यांसमोर असताना लोकांना हे ऐकून घ्यावं लागलं, वर्षानुवर्षं.

तिथे उभी असताना मला माझं चार वेळा वाचलेलं पुस्तक नव्याने कळलं. मी धुकं शोधत फिरत होते, हवेतलं. झाफॉनचं धुकं हे आहे. त्याच्या बार्सिलोनात प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. इन्स्पेक्टर फुमेरो वारा बघून बाजू बदलत बदलत सत्तेत पोचलाय, म्हणून कुणी त्याचा भूतकाळ काढत नाही. रस्त्यावर राहणारा फर्मिन डॅनियलच्या घरी येतो, त्याची आंघोळ होते, तेव्हा त्याच्या अंगावरचे व्रण दिसतात. ते मोंजुइक किल्ल्याच्या तुरुंगात मिळालेले. वडील काही विचारत नाहीत, आपला सूट काढून देतात. एकविसाव्या वर्षी मी हे पान भराभर उलटलं होतं, कारण मला वाड्यातल्या भुताकडे पोचायचं होतं.

शेजारच्या शाळेची मधली सुट्टी झाली आणि पोरं चौकात धावत आली. एकाचा चेंडू त्याच भिंतीवर आपटून माझ्या पायाशी आला. मी तो परत फेकला.

शेवटच्या दिवशी मोंजुइकला गेले. समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर 1883 पासूनची दफनभूमी आहे. डॅनियलच्या आईला त्याच्या चौथ्या वाढदिवशी इथे पुरलं, दिवसभर पाऊस होता. दहाव्या वर्षी तो झोपेतून ओरडत उठतो, कारण त्याला आईचा चेहरा आठवेनासा झालेला असतो. कादंबरीतली सगळ्यांत भीतिदायक जागा माझ्यासाठी हीच. बाबांचा चेहरा मला आठवतो, फोटो आहेत. आवाज मात्र हल्ली शोधावा लागतो.

इथे बरेच जण जमिनीत नाहीत, भिंतीत आहेत. एकावर एक कोनाडे, प्रत्येकाच्या तोंडाशी नाव कोरलेला दगड. पायवाटेवरून बघितलं तर पुस्तकांची कपाटं वाटतात, कण्यावर नावं लिहिलेली. वरच्या रांगांपर्यंत पोचायला चाकांच्या लोखंडी शिड्या ठेवल्यात, अगदी ग्रंथालयात असतात तशा. एक म्हातारे गृहस्थ शिडी ढकलत आले, कोनाडा नीट समोर आला की नाही हे दोनदा बघितलं, आणि मला हातानेच खूण केली. मी शिडी धरली. ते वर चढले, खिशातून कापड काढून नावाची अक्षरं एकेक करून पुसली, वाळलेली फुलं काढली, ताजी लावली. तेवढ्या वेळात ते त्या दगडाशी कातालानमध्ये काहीतरी बोलत होते, रोजचं घरातलं बोलावं तसं. मला एक शब्द कळला नाही. खाली बंदरात कंटेनर चढवण्याचा आवाज चालू होता, आणि मी त्यांचं बोलणं संपेपर्यंत शिडी धरून उभी राहिले.