वर्षाचा रिचार्ज, घरात रेंज नाही, आणि सिम बदलायचा तो सल्ला

मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या सेवा केंद्रात, कोणी "सिम बदलून बघा" म्हणालं, तर नंबर पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची वेळ येऊ शकते का, याचा आधी विचार करा. येणार असेल तर सिमला हात लावू देऊ नका. आमचा आठवडा त्यात गेला आणि त्याचा राग मला अजून आहे.

आई देवरुखजवळच्या वाडीत एकटी राहते. दर महिन्याची कटकट नको म्हणून तिच्या नंबरवर वर्षाचा रिचार्ज एकदम मारला होता. पावसाळ्यात रेंज गेली ती परत आलीच नाही. जांभ्याच्या जाड भिंतींचं घर. ओटीवर एखादी कांडी दिसायची, माजघरात तीही नाही. पेन्शनचं खातं, गॅस, आधार, सगळं त्याच नंबरला जोडलेलं, त्यामुळे नंबर सोडणं शक्य नव्हतं. आणि पोर्ट केलं की प्रीपेडची उरलेली मुदत बुडते, पैसे परत मिळत नाहीत. निम्म्याहून जास्त वर्ष बाकी होतं. म्हणून आधी कंपनीच्याच मागे लागले.

198 वर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मेसेजने येतो. तो जपून ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं. आमच्याकडे कोणी फिरकलं नाही, पण "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज मात्र वेळेत आला. पुन्हा फोन केला तर, "मॅडम, तुमच्या एरियात नेटवर्क ओके दाखवतंय." मग मी आकडे काढले. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. माजघरात उणे 118, वर सड्यावर उणे 97. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. स्क्रीनशॉट काढून ठेवले. हे सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, गॅलरीत जाऊन सिम तपासून घ्या.

गॅलरी रत्नागिरीत. सिम आईच्या नावावर, म्हणून आईलाही एसटीने न्यावं लागलं. टोकन घेऊन बसलो. काउंटरवरच्या मुलाने सिम काढलं, उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "काकू, कार्ड खराब झालंय, नवीन टाकतो, रेंज येईल." मी स्क्रीनशॉट पुढे केले, सड्यावर याच कार्डला रेंज येते हे सांगितलं. त्याने ते पाहिलेही नाहीत. आईचा फोटो काढला, नवीन कार्ड दिलं.

सिम बदललं की 24 तास मेसेज बंद असतात. हे त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी आई बँकेच्या ओटीपीची वाट पाहत बसली, सारखी मला विचारत राहिली की खात्याला काही झालंय का. माजघरातला आकडा तर जिथल्या तिथेच होता. मग मी पोर्ट करायचं ठरवलं आणि 1900 वर मेसेज केला. कोड मिळाला नाही. 1 जुलै 2024 पासून नियम आहे: सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड देत नाहीत. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून खाती लुटणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो केलाय, आणि तो योग्यच आहे. पण रेंजची तक्रार घेऊन आलेलं माणूस पोर्ट करू शकतं, हे काउंटरवर बसणाऱ्याला कळायला नको? एक वाक्य बोलला असता तर आम्ही जुनंच कार्ड ठेवलं असतं.

त्या आठवड्यात अपील केलं. तक्रारीने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, फी लागत नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांची सरकारी नियामक संस्था, स्वतः एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र लिहीत बसू नका.

शेजारच्या वहिनींचं दुसऱ्या कंपनीचं सिम आईच्या फोनमध्ये घालून माजघरात फिरून पाहिलं. बोलणं तुटलं नाही. हे आधी कराच, कारण पोर्ट झाल्यावर 90 दिवस पुन्हा हलता येत नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंगनेही भागतं. आईकडे ते नाही. बाजारात मिळणारे बूस्टर घेऊ नका, परवानगीशिवाय ते लावणं गुन्हा आहे.

आठवडा संपल्यावर आईच सड्यावर चढली आणि इंग्रजीत PORT, मग जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज 1900 वर केला. आठ अक्षरांचा कोड आला. तो चारच दिवस चालतो. आधार घेऊन देवरुखच्या दुकानात गेलो, पुढचं सगळं वेळेत झालं. आता ती माजघरातून बोलते.

अपिलाचं उत्तर नंतर आलं: घराबाहेर सिग्नल समाधानकारक आहे. उरलेल्या महिन्यांच्या पैशांबद्दल त्यात अवाक्षर नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक मंचातही नेता येते. डॉकेट नंबर, स्क्रीनशॉट आणि ते उत्तर मी एका फाइलीत लावून ठेवलंय. अर्ज लिहायला घेतलाय.