बिल्ड लाल आणि सहा वाजलेले

जर्मनीतली रविवारी बंद असणारी दुकानं, कचऱ्याचे रंगीत डबे, सगळं आता अंगवळणी पडलंय. (कचऱ्याचं तर आम्हा इंदूरकरांना कोणी शिकवूच नये.) पण अकरा तासांच्या विश्रांतीचा कायदा मात्र परवा माझ्या डोक्यात गेला.

आमची एक जुनी, अवाढव्य सिस्टीम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती ८ वरून १७ वर आणि स्प्रिंग बूट या तिच्या फ्रेमवर्कच्या आवृत्ती २ वरून ३ वर नेणं चाललंय. ज्यांनी हे केलंय त्यांना यातली मेख ठाऊक आहे: जावाएक्सचं जकार्ता, म्हणजे कोडमधल्या नावांची सुरुवातच बदलणं. जावाची मालक कंपनी ओरॅकलने जावा ईई, म्हणजे मोठ्या सिस्टीमसाठीचा जावाचा संच, एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवला, पण जावाएक्स या नावाखाली पुढे बदल करायची मोकळीक काही दिली नाही. वाटणीत घर दिलं आणि दारावरची पाटी काढून नेली, त्यातला प्रकार. मग बसा सगळे आपापले इम्पोर्ट (बाहेरचा कोड नावाने बोलावणाऱ्या ओळी) बदलत. त्यातही जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो ही मंडळी जेडीकेतलीच, म्हणजे जावाच्या मूळ संचातली, त्यांना हात लावायचा नाही. टीममधल्या एका उत्साही पोराने सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं आणि डेटाबेसशी जोडणारा डेटासोर्सच गायब!

ते निस्तरून बिल्ड लावलं, म्हणजे सगळा कोड जुळवून चालवण्याजोगा करायला घेतला, तर शंभर एरर. काही दुरुस्त केल्या, पुन्हा शंभर. जावाचा कंपायलर एरवी शंभरच दाखवतो, बाकीच्या पोटात ठेवतो. ती मर्यादा वाढवल्यावर खरा पसारा दिसला. बहुतेक सगळ्या ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’, म्हणजे ‘हे नाव सापडत नाही’, आणि सिम्बॉलची नावं क्यू अक्षराने सुरू होणारी. म्हणजे क्वेरीडीएसएल ही लायब्ररी आपल्या एन्टिटींवरून (डेटाबेसच्या तक्त्यांच्या जावातल्या रूपांवरून) जे क्लास बनवून देते, तेच बनत नव्हते. आमच्या कोडचा दोषच नव्हता. वास लागला होता मला.

आणि टीम लीड येऊन म्हणाला, “उद्या बघू.” सहा वाजले होते. बाहेर उन्हाळ्याचं लख्ख ऊन. मी म्हटलं, घरून रात्री बघते. तर म्हणे, नाही. काम संपल्यापासून सलग ११ तास विश्रांती, असा कायदाच आहे. रात्री अकराला थांबलात तर सकाळी दहाच्या आत बसायचं नाही. दिवसाचे तासही मोजलेले: ८, ताणून ताणून १०. इस्पितळं, हॉटेलं यांना सवलती आहेत. माझ्या क्यू-क्लासना नाहीत.

त्या वेळी इंदुरात साडेनऊ. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होऊन त्यांच्या ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागायची वेळ. विजयनगरच्या ऑफिसात आमचे अपग्रेड तेव्हा कुठे सुरू व्हायचे. अमेरिकेतला क्लायंट जागा, म्हणून आम्हीही जागे. मध्यरात्री कोणीतरी भुट्ट्याचा कीस आणायचं, पहाटे पोहे-जलेबी खाऊन घरी. दार उघडताना बाबा काही बोलायचे नाहीत, आई दोघांच्या वाटचं बोलायची. पण बिल्ड हिरवी, म्हणजे पास, असायची! हो, कधी टेस्ट वगळून, कधी जावाची बंद दारं उघडणारी ॲड-ओपन्सची ठिगळं लावून. पण सोमवारी क्लायंटचं काम अडलं नाही कधी. इथले लोक मायग्रेशन गाइडचे प्रिंट काढून, रेघा मारून वाचतात. आधी स्प्रिंग बूट २.७ वर या, मग ३ वर जा. गाइडमध्येच तसं लिहिलंय, मान्य आहे.

आणि हेही मान्य, की मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर इंदूरला असताना इथे प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टीम, पडलं, तर मला एकाचाही फोन आला नाही. परतल्यावर कळलं. खरं तर बरं वाटायला हवं होतं. मला जरा अपमानच वाटला. जुन्या ऑफिसने मला बहिणीच्या हळदीत पिवळ्या हातांनी लॅपटॉप उघडायला लावला होता, त्याचं मी अजून कौतुकाने सांगते.

सकाळी पॉम फाइल उघडली, बिल्डला काय काय लागतं ते लिहिलेली. क्वेरीडीएसएलच्या एपीटीला, म्हणजे ते क्लास बनवणाऱ्या भागाला, ‘जकार्ता’ हा क्लासिफायर (त्याचं कोणतं रूप घ्यायचं ते सांगणारा शब्द) लावलेला नव्हता. तो बिचारा अजून जुन्या जावाएक्सची एन्टिटी शोधत होता. एक शब्द घातला, क्यूच्या सगळ्या एरर गेल्या. टीम लीड म्हणाला, “बघ, झोप कामाला आली.” मी मान डोलावली. पण आपल्यात म्हणून सांगते, आदल्या संध्याकाळी तासभर दिला असता तरी सापडलं असतं.

आता कंपाइल होतंय, टेस्ट लाल आहेत. डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट ६ या लायब्ररीला आमच्या जुन्या क्वेरी पसंत नाहीत. त्यांची यादी टीम लीडने सोमवारसाठी ठेवलीय. मी ती वहीत उतरवून घरी आणलीय. वहीला हा कायदा लागू होतो का, ते मी कोणाला विचारलेलं नाही.