पोर्क चॉप्स आणि सफरचंद

आज घरी यायलाच साडेसात झाले, पोटात नुसते कावळे ओरडत होते, मग फ्रीजमधले पोर्क चॉप्स काढले, पुसून एकदम कोरडे केले, मीठ-मिरी लावली आणि कडकडीत तापलेल्या पॅनमध्ये टाकले. कोरडे करायचेच बरं का, नाहीतर मांस भाजलं जात नाही, नुसतं वाफेवर शिजतं. दोन्हीकडून छान लालसर झाल्यावर काढून ठेवले आणि त्यातच कांदा, सफरचंदाच्या फोडी, थोडं बटर. सफरचंदाला पाणी सुटलं की तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं, खरी चव तिथेच असते! चॉप्स परत आत, मांसात खुपसलेल्या थर्मामीटरवर ६३ डिग्री सेल्सिअस दिसलं की गॅस बंद, ३ मिनिटं हात लावायचा नाही. इतके रसरशीत झाले ना, लेक म्हणाली आई उद्या पण हेच कर ❤️