मिरी, कस्तुरी आणि ब्लडी टॉवर

लंडनला आलेल्या मराठी गटांना टॉवर ऑफ लंडन दाखवणं हे माझं काम. ब्लडी टॉवरचा जिना चढण्याआधी मी एक घोळ निस्तरून घेते. एलिझाबेथ राणीचा लाडका दरबारी आणि दर्यावर्दी सर वॉल्टर रॅली टॉवरमध्ये एकदाच कैदेत नव्हता. ब्लडी टॉवरमधली ही वरची खोली त्याच्या १६०३ ते १६१६ च्या कैदेची. १५९२ ची कैद वेगळी, काही आठवड्यांची. दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस कधी चढला आणि कधी पडला, काहीच कळत नाही.

परवा गटात वाशीच्या मसाला बाजारात उभी हयात गेलेले एक काका होते. मी सांगत होते, एलिझाबेथ राणीनं रॅलीला काय काय दिलं: १५८३ मध्ये दारूविक्रीच्या परवान्यांचा मक्ता, १५८५ मध्ये 'सर' हा किताब आणि कथिलाच्या खाणींचा कारभार, १५८७ मध्ये अंगरक्षकांचं कप्तानपद. स्ट्रँडवरचं डरहॅम हाउसही राहायला. त्याचं बहुतेक वैभव हे असं राणीच्या मर्जीवर होतं. राणीच्या सेवेतल्या एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टनशी त्यानं चोरून लग्न केलं. ते उघड झालं आणि १५९२ मध्ये नवराबायको दोघंही कैदेत पडली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ, रॅलीनंही पैसे घातलेल्या मोहिमेतल्या इंग्रजांनी 'माद्रे दे देउस' पकडलं. हिंदुस्थानातून लिस्बनला निघालेलं सात डेकांचं पोर्तुगीज जहाज. त्यात ४२५ टन मिरी, ४५ टन लवंग, ३५ टन दालचिनी.

"थांबा ताई," काका म्हणाले. "लूट झाली असेल ना? मग मिरी राहिली असणार. मिरीची पोती कोण उचलून पळतंय? जातं ते हलकं आणि महाग."

अगदी तसंच झालं होतं. मोती, कस्तुरी, अंबर हे सुगंधी द्रव्य खलाशांच्या खिशांतून पसार झाले. चौकशीला निघालेल्या राणीच्या सल्लागारानं, रॉबर्ट सेसिलनं, लिहून ठेवलंय की, एक्सेटरजवळच्या रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांच्या अंगाला लुटीचा वास येत होता. अंदाज ५ लाख पौंडांचा, हाती लागलं सुमारे १ लाख ४० हजारांचं. खलाशी ऐकतील तर रॅलीचंच, म्हणून त्याला पहाऱ्यात, जहाज आणलं होतं त्या डार्टमथ बंदरात पाठवलं. त्याला बघून खलाशांनी आनंदानं आरोळ्या ठोकल्या. राणीला सुमारे ८० हजार पौंड मिळाले. रॅली मात्र शेवटपर्यंत आपल्याला तोटाच झाला म्हणत राहिला.

१६०३ मध्ये राणी वारली. नव्या राजाच्या काळात डरहॅम हाउस गेलं, कप्तानपद गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये विंचेस्टरला राजद्रोहाचा खटला उभा राहिला. मुख्य साक्षीदार लॉर्ड कोबम. त्याला समोर आणा, असं रॅली पुन्हा पुन्हा म्हणाला. आणलंच नाही. माझ्या मते हा उघड अन्याय होता. मृत्युदंड झाला, पण अंमल लांबला.

त्या खोलीत काकांनी विचारलं, "मग १६१८ मध्ये कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं?"

१६१६ मध्ये सुटल्यावर तो दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला गेला. १६१७ च्या त्या मोहिमेत त्याच्या माणसांनी स्पॅनिश वसाहतीवर हल्ला केला, त्यात त्याचा मुलगाही पडला. स्पेनच्या राजदूतानं शिक्षेचा आग्रह धरला. पण देहदंड ठोठावलेला माणूस कायद्यापुढे मेलेलाच. त्याच्यावर नवा खटला चालवता येईना. म्हणून २९ ऑक्टोबर १६१८ रोजी वेस्टमिन्स्टरला १६०३ चीच शिक्षा अमलात आणली.

काका बराच वेळ खिडकीपाशी उभे होते.