तुम्ही विचारलंत म्हणून: धुरीचं काम मी कुणाकडून शिकले

जेवून हात धुता धुता कुणीतरी विचारतंच, "हे धुरीचं मांस करायला कुठं शिकलात? कोर्स केलात का?" मी सांगते, कोर्स नाही, हौशी मंडळींकडून शिकले. की समोरून येतं, "अच्छा, म्हणजे असंच, घरच्या घरी." त्या 'असंच'वर मी आजवर गप्प बसत आले. आज एकदा नीट सांगते.

आम्ही सहा-सात जण. एक वेल्डिंगचं काम करणारे दादा, ज्यांनी लोखंडी पिंप कापून स्वतःचा स्मोकर, म्हणजे मंद आगीवर धूर देऊन मांस शिजवायची झाकणाची भट्टी, बनवला. एक नर्स. एक हिशेब बघणारा मुलगा. आणि एक ताई, वयानं सगळ्यांत मोठ्या. यातल्या कुणाचंही पोट या कामावर चालत नाही. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात पहाटे कोळसे पेटायचे आणि जेवण संध्याकाळी व्हायचं. मधल्या वेळात हाताला काम फारसं नसतं. आगीकडे बघत बसायचं असतं, आणि शिकणं त्या बसण्यातच होतं. कृतीत '110 अंश सेल्सिअसवर नऊ-दहा तास' एवढंच लिहिलेलं असतं. वारा फिरला की तेच 110 चे 140 कसे होतात आणि तेव्हा हवेची कुठली झडप किती सरकवायची, हे शेजारी बसलेला माणूसच दाखवतो. दादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "वरची झडप सताड उघडी ठेव, आग खालच्या झडपेनं आवर. धूर कोंडलास की सगळं गेलं." नर्सबाईंनी कोंबडीच्या मांडीत, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसायला शिकवलं आणि 74 अंशांच्या आत ती ताटात वाढू दिली नाही. पेटते कोळसे बंद जागेत न्यायचे नाहीत, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही त्यांनीच दटावून सांगितलं. एखाद्या वर्गातही हे शिकवत असतील. मला ते या माणसांनी शिकवलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता त्या दिवसाबद्दल. मला हे सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही.

सहा महिने बघून झाल्यावर मी म्हटलं, या वेळी सगळं मी करते. डुकराच्या खांद्याचा साडेतीन किलोचा तुकडा आणला, आदल्या रात्री मीठमसाला चोळून ठेवला. आणि लाकडाचे ठोकळे रात्रभर पाण्यात भिजत घातले. ताईंनी बजावलं होतं, "लाकूड कोरडं हवं, भिजवू नकोस." पण मी कुठंतरी वाचलं होतं की भिजवलेलं लाकूड जास्त वेळ धूर देतं. मला वाटलं, या जुन्या माणसांना एकच पद्धत माहीत असते. पहाटे साडेचारला पेटवलं. धूर दाट, पांढरा, कापसासारखा यायला लागला आणि मला तो फार आवडला. तो निसटू नये म्हणून मी वरची झडप अर्धी लावली. खालचीही लावली. दादांचं वाक्य मला पाठ होतं, तरी लावली.

दुपारी एकच्या सुमारास तुकडा 68 अंशांवर येऊन थांबला. दोनला 68. तीनला 69. मंडळींना यायला साडेतीन तास उरले होते. याला स्टॉल म्हणतात, हे मी ऐकलं होतं. मांसातलं पाणी वर येऊन त्याची वाफ होत राहते आणि आगीची उष्णता त्या वाफेतच खर्ची पडते. घामानं अंग गार राहतं, तसंच हे. ग्रेग ब्लोंडर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं ओला स्पंज आणि नुसती चरबी तापवून हे दाखवलं होतं. स्पंज अडकून बसला, चरबीचं तापमान चढत गेलं. अशा वेळी एक तर धीर धरायचा, नाहीतर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळायचा, म्हणजे बाष्पीभवन थांबतं. मी दोन्ही केलं नाही. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत राहिले. मग आणखी कोळसे ओतले, ते पेटायच्या आत उरलेले ओले ठोकळे त्यांच्यावर टाकले.

सात वाजता वाढलं. वरून काळंकुट्ट, चकचकीत. मी त्याला खरपूस साल समजत होते. खांद्याचं मांस 93-95 अंशांपर्यंत गेलं आणि तिथं निवांत राहिलं की त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, विरघळतं आणि चिमट्यानं ओढलं तरी धागे सुटतात. माझं सुटेना. मी सुरी घेतली. सगळे खात होते, कुणी बोलत नव्हतं. हिशेबवाल्या मुलानं पाणी मागितलं, मग परत मागितलं. नर्सबाई म्हणाल्या, "मसाला छान लागलाय."

ताईंनी एक घास खाल्ला, ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "ओठांवरून जीभ फिरव." मी फिरवली. "काय वाटतं?" जिभेचं टोक बधिर झालं होतं. कडवट, डांबरासारखी चव, आणि तिच्याखाली चवच नाही. "हे क्रिओसोट आहे," त्या म्हणाल्या. "आग गुदमरली की धुरातनं ते मांसावर बसतं. आता हे कुणी खाऊ नका." आणि त्यांनी माझ्या मुलीच्या पुढ्यातलं ताट उचललं. ती आठ वर्षांची होती. माझ्याकडे बघत होती, आणि तोंडातला घास तिनं तसाच धरून ठेवला होता.

मी ताईंना म्हणाले, "तुम्हाला तुमच्या हातचंच आवडतं." सगळ्यांसमोर म्हणाले.

पुढचे दोन महिने मी गेले नाही. तेव्हाची मी छातीठोकपणे सांगायची की चूक सांगायला हरकत नाही, पण ताईंनी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. आजची मी तिला म्हणते, बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तोवर सगळ्यांनी ते खाल्लं असतं, तुझ्या मुलीनं खाल्लं असतं. त्यावर ती म्हणते, ताट उचलताना पोरीसमोर एवढं बोलायची काय गरज होती? याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मला अजून वाईट वाटतं, आणि ताई बरोबर होत्या, हेही मला अजून वाटतं.

परत गेले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही. "आज मांस नाही," म्हणाल्या. रिकामा स्मोकर, कोळसे, कोरड्या लाकडाचे चार ठोकळे. चार तास 110 अंश धरून दाखवायचे. मला अपमान वाटला, पण बसले. पहिला तास काटा 90 ते 150 च्या मध्ये नाचत होता. नंतर कळायला लागलं की झडप बोटभर सरकवली की परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि माझा हात त्याच्या आधीच दुसऱ्यांदा झडपेकडे जातो. तिसऱ्या तासाला धूर पातळ झाला. इतका, की आहे की नाही कळेना. उन्हाच्या बाजूनं पाहिलं तर निळसर झाक. ताईंनी माझा हात धरून चिमणीच्या तोंडापासून वीतभर वर नेला, क्षणभरच. "आता वास घे तळहाताचा." गोडसर, जळत्या लाकडाचा स्वच्छ वास होता. "हाच वास मांसाला लागतो," म्हणाल्या. एवढंच. कोर्सचं म्हणाल तर माझा कोर्स हा.

पण म्हणून हौशी मंडळी सगळं बरोबर शिकवतात असं मी म्हणत नाही. कापल्यावर कडेनं दिसणारी गुलाबी कड म्हणजे धूर आत मुरल्याची खूण, असं मला दोघांनी शिकवलं. ती कड आगीतल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या मायोग्लोबिनशी, म्हणजे त्याला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, गाठ पडून येते, चवीशी तिचा संबंध नाही. कित्येक महिने मी त्या कडेच्या मागे धावत होते. शिकवणारा जाणकार असता तर ते महिने वाचले असते. 'असंच' म्हणणाऱ्यांचं एवढं मी मान्य करते.

आणि ताईंचंही एक आहे. कुठलंही मांस त्या आधी थेट निखाऱ्यांवर चटका देऊन घेतात, "म्हणजे रस आत कोंडतो." ही समजूत 19व्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पसरवली आणि ती चुकीची आहे. चटक्यानं चव येते, रंग येतो, रस कोंडत नाही. मी घरी दोनदा सारख्या वजनाचे तुकडे केले, एकाला चटका दिला, एकाला नाही, आणि शिजवून वजन केलं. चटका दिलेल्यानं पाणी काही कमी सोडलं नव्हतं.

गेल्या वेळी ताईंकडे जाताना वजनकाटा पिशवीत घातला होता. त्यांनी चिमटा उचलला, तुकडा निखाऱ्यांवर ठेवला आणि नव्यानं आलेल्या एका मुलाला सांगायला लागल्या, "रस कोंडायला हवा." सगळे ऐकत होते. मी ताट धरून शेजारी उभी होते. काटा काही मी बाहेर काढला नाही. जेवणं झाल्यावर भांडी घासताना आम्ही दोघीच होतो, तेव्हाही नाही.