नळाच्या पाळीवर पीएच.डी.

धुळ्याच्या पाण्यावर पीएच.डी. करायची ठरवलं आणि फॉर्मवरच अडले. विद्याशाखा कोणती लिहायची? 2016 च्या विद्यापीठ कायद्यात 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' अशी चौथी विद्याशाखा आहे, हे कळल्यावर मी हुरळलेच. पाहिलं तर तिथे शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता अशी मंडळी! शेवटी भूगोलात नाव घातलं आणि समाजशास्त्राच्या मॅडमना सहमार्गदर्शक घेतलं. नियमात ही सोय आहे, पण आपणहून कुणी सांगत नाही.

सिनॉप्सिसला, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याला, खरी कसोटी लागली. त्यात फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना वाटून घ्यायची रीत) पाहून कमिटीतले एक सर म्हणाले, "हे शेतीचं झालं. शहर कुठाय यात?"

शहर तिथेच होतं. धुळ्याच्या पांझरा नदीवरचे बंधारे, त्यांचे पाट आणि पाळी लावून पाणी सोडणारा पाटकरी ही आपल्याकडची जुनी रीत. त्याच नदीकाठी 1818 नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं सरळ गल्ल्यांची पेठ आखली. आता त्या गल्ल्यांत पाळी लावतो तो नळाचे व्हॉल्व्ह फिरवणारा व्हॉल्व्हमन. पाटकऱ्याला फडातले शेतकरी जाब विचारू शकत. व्हॉल्व्हमनला कोण विचारणार? एवढं बोलल्यावर सर म्हणाले, "बरं, पण नकाशा हवा."

नकाशाला आधार मिळाला धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या एका मावशींच्या भिंतीवर. गल्लीत शिरलं की "पानी उनं का वं?" (पाणी आलं का गं?) हेच आधी कानावर पडायचं. मावशींच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या होत्या आणि नळ आलेल्या तारखांना लाल गोल. काही गोलांशेजारी 'रात्री 2' असं लिहिलेलं. अशी कॅलेंडरं मग घरोघर मागत सुटले. भूगोलाचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, त्यात पाइपलाइनचं शेवटचं टोक शोधायचे. मॅडम विचारायच्या, "रात्री दोनला उठतं कोण?" बहुतेक घरांत सून. तिचं नाव ना बिलावर, ना माझ्या पहिल्या प्रश्नावलीत. दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर चढवल्या तेव्हा कुठे प्रबंधाचं प्रकरण उभं राहिलं.

कोर्सवर्क वगैरे सगळ्यांचं होतं तसं झालं. मुदत कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. मी मधे कुठेतरी आहे. सध्या वाद परीक्षकांचा चाललाय. दोघेही भूगोलाचे नेमले तर सुनांचं प्रकरण कोण तपासणार, असं मॅडमचं म्हणणं. मला ते पटतं, पण परीक्षकांच्या यादीवर सही भूगोलाच्या सरांची लागते.